आधी पाणी, मग झुडूप, शेवटी दाणे

घराभोवती थोडी मोकळी जागा असलेली माणसं पक्ष्यांची आवड असणाऱ्याला हमखास एक प्रश्न विचारतात, "आमच्याकडे नुसते पारवेच येतात हो, बाकीचे पक्षी यावेत म्हणून काय घालू?" त्यांच्या बागेत डोकावलं तर बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. मधोमध कातरलेलं हिरवंगार लॉन, कडेने पाम आणि क्रोटन, एका कोपऱ्यात तांदूळ-ज्वारीने भरलेलं टांगतं भांडं आणि भांड्याखाली पारव्यांची गर्दी. अशा बागेत पारवेच का येतात हे नीट कळलं, की काय करायचं याचं निम्मं उत्तर हाती येतं.

पारवा आणि होला या कुळातल्या पक्ष्यांची पिल्लं वाढवण्याची रीत निराळी आहे. नर आणि मादी या दोघांच्याही अन्नपिशवीच्या अस्तरातून एक घट्ट, पांढरा, प्रथिनांनी भरलेला स्राव तयार होतो आणि पहिले काही दिवस पिल्लांना तोच भरवला जातो. त्यामुळे आईबापांना फक्त दाणे मिळाले तरी पिल्लं जगतात. वर्षभर दाणे असतील तर वर्षभर वीण चालू राहते. इतर बहुतेक लहान पक्ष्यांना ही सोय नाही. चिमणी स्वतः दाणे खाते, पण अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला मऊ अळ्या आणि किडेच लागतात. शिंजीर फुलांमधला मध पितो, पण पिल्लांच्या चोचीत कोळी आणि बारीक किडे घालतो. फळांवर जगणारा बुलबुलही पिल्लांसाठी टोळ-नाकतोडे शोधत फिरतो. दाण्यांचं भांडं म्हणजे पारव्यांसाठी संपूर्ण संसाराची तरतूद आणि बाकीच्यांसाठी जेमतेम अर्धं जेवण. शिवाय नाचण, शिंपी, चष्मेवाला, सुभग, वेडा राघू, तांबट हे आपल्या आसपासचे कितीतरी पक्षी दाण्याला चोचही लावत नाहीत. मुंबईत 2025 च्या पावसाळ्यात कबुतरखाने बंद करण्यावरून मोठा वाद झाला. त्यामागचा आरोग्याचा प्रश्न खरा आहे. वाळलेल्या विष्ठेची भुकटी वर्षानुवर्षं श्वासावाटे आत गेली तर काही माणसांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते.

तेव्हा दाण्यांचा विचार शेवटी करू. सुरुवात पाण्यापासून करायची. पाणी लागत नाही असा पक्षी आपल्या बागेच्या आसपास नाही, आणि कीटक खाणारे, फळं खाणारे, मध पिणारे असे सगळे ज्या एका जागी उतरतात ती जागा पाण्याचीच असते.

उन्हाळ्यात पाणी इतकं महत्त्वाचं का, याला शरीराचं कारण आहे. पक्ष्यांच्या शरीराचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, साधारण 40 ते 42 अंश सेल्सिअस असतं. त्यांना घर्मग्रंथी नसतात, त्यामुळे घाम येत नाही. भोवतालची हवा शरीरापेक्षा थंड असेपर्यंत अंगातली उष्णता आपोआप बाहेर जात राहते. पण चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा हा मार्ग बंद होतो. मग चोच उघडी टाकून धापा टाकणं आणि तोंडातला ओलावा हवेत सोडून थंड होणं एवढाच उपाय उरतो. भर दुपारी आ वासून सावलीत बसलेला कावळा किंवा साळुंकी आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. प्रत्येक धापेबरोबर पाणी खर्च होतं आणि ते भरून काढायला जवळपास पाणी नसेल तर पक्षी मरतो.

भांडं कसलं हवं? माझ्या मते कुंभाराकडचं मातीचं परळ सगळ्यांत उत्तम. फूटभर रुंद, उथळ, पसरट आणि आतून खडबडीत असलेलं. मातीच्या भांड्यातून पाणी झिरपून उडत राहतं, म्हणून माठातल्यासारखं तेही गार राहतं. खडबडीतपणामुळे पक्ष्याचे पाय घसरत नाहीत. चकचकीत चिनी मातीची भांडी आणि प्लॅस्टिकच्या थाळ्या दिसायला सुबक असतात, पण चिमणीएवढ्या पक्ष्याला त्यांच्या काठावर उभंही राहता येत नाही. खोली ही सगळ्यांत कळीची गोष्ट आहे. कडेला बोटाच्या एका पेराएवढं आणि मध्ये फार तर दोन इंच पाणी असावं. बादली किंवा घमेलं भरून ठेवलं तर कावळा पाणी पिईल, पण लहान पक्षी जवळ येणार नाहीत आणि आलाच एखादा तर बुडायची भीती. भांडं खोलच असेल तर त्यात मध्यभागी एक चपटा दगड ठेवा, त्याचा माथा पाण्याच्या किंचित वर राहील असा.

एवढ्या उथळ पाण्याचं कारण म्हणजे पक्षी तिथे अंघोळही करतात. पिसाची प्रत्येक काडी बारीक आकड्यांनी शेजारच्या काडीत अडकलेली असते, म्हणून पीस सलग राहतं, हवा कापतं आणि पावसाचं पाणी आत शिरू देत नाही. धूळ बसली किंवा हे आकडे सुटले की उडायला त्रास होतो. अंघोळीने धूळ निघते आणि पिसं मऊ होतात. मग पक्षी फांदीवर बसून शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल चोचीने घेतो आणि एकेक पीस ओढून परत बसवतो. हे पंख साफ करणं निवांत चालतं आणि पाहायला सगळ्यांत सुंदर असतं. चिमण्यांना पाण्याइतकीच धुळीची अंघोळही आवडते. म्हणून बागेतला एक हातभर तुकडा गवत न लावता, कोरडी भुसभुशीत माती ठेवून तसाच सोडून द्यावा.

भांडं ठेवायची जागा निवडताना पक्ष्याच्या बाजूने पाहा. ओलं झालेलं पाखरू जड होतं, नीट उडू शकत नाही, आणि मांजराला नेमका हाच क्षण हवा असतो. म्हणून भांड्याभोवती पाच-सहा फूट मोकळं असावं, दडून बसायला झुडूप नसावं. पण त्याच्या पलीकडे, एका झेपेच्या अंतरावर, दाट फांद्यांचं झाड मात्र हवं. पक्षी आधी त्या झाडावर बसून अंदाज घेतो, मग खाली उतरतो आणि भिजल्यावर तिथेच परततो. मांजरं फार असतील तर परळ तिवईवर किंवा कुंपणाच्या गुळगुळीत खांबावर ठेवा. उन्हात ठेवलेलं पाणी दुपारपर्यंत पोळायला लागतं, म्हणून सावलीची जागा हवी.

आता एक युक्ती. स्थिर पाण्यापेक्षा हलतं, ठिबकणारं पाणी पक्ष्यांना लांबून कळतं. एका लहान मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुतळीचा तुकडा ओवायचा आणि शंकराच्या पिंडीवरच्या अभिषेकपात्रासारखं ते परळावर टांगायचं. सेकंदाला एखादा थेंब पडला तरी पुरे. पाण्याचा आवाज आणि थरथर यामुळे चष्मेवाले, नाचण, हिवाळ्यातली माशीमार असे एरवी झाडाच्या शेंड्यावरून खाली न येणारे पक्षी उतरतात. बागेत एकच नवी गोष्ट करायची असेल तर हीच करावी.

आणि स्वच्छता. पाणी रोज बदलायचं. डेंग्यू पसरवणारा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा-दहा दिवस घेतो, तेव्हा रोज ओतून टाकलेल्या पाण्यात तो वाढूच शकत नाही. पण त्याची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून राहतात आणि कोरड्यातही काही महिने तग धरतात. म्हणून नुसतं पाणी बदलून भागत नाही, काठ नारळाच्या काथ्याने घासावा लागतो. साबण नको. दोन परळं आलटून पालटून वापरली, एक पाण्यात आणि एक उन्हात वाळत, तर शेवाळही धरत नाही. कावळा वाळकी भाकरी किंवा हाडाचा तुकडा पाण्यात भिजत घालून जाईल. ती त्याची सवय आहे, त्याला दोष देऊ नये, पाणी बदलावं.

पाण्यानंतरचं काम झाडाझुडपांचं. पक्ष्याला झाडाकडून तीन गोष्टी हव्या असतात: आडोसा, किडे आणि मग फळं-फुलं. आपण मात्र फुलांपासून सुरुवात करतो. लॉन आणि पामच्या बागेत पक्षी न दिसण्याचं कारण त्या बागेत खायला किडेच नसतात हे आहे. आपल्याकडचे किडे ज्या झाडांवर पिढ्यान्‌पिढ्या पोसले गेले, त्या झाडांचीच पानं ते खातात. परक्या झाडाचं पान अभंग, तुकतुकीत राहतं म्हणून ते माळ्याला आवडतं. पण अभंग पान म्हणजे अळी नाही, आणि अळी नाही म्हणजे शिंपीही नाही.

कढीपत्ता आणि कागदी लिंबू ही दोन झाडं प्रत्येक बागेत असावीत, असं मी आग्रहाने सांगते. दोन्हींवर मोठी फुलपाखरं अंडी घालतात. त्यांच्या लहान अळ्या पक्ष्यांच्या शिटेसारख्या दिसतात, म्हणजे पक्ष्यांपासून वाचण्यासाठी पक्ष्याचंच सोंग. मोठ्या झाल्यावर हिरव्या होतात आणि मग बुलबुल त्यांना बरोबर शोधून काढतात. चार-दोन फांद्यांची पानं खाल्ली जातील, झाड मरत नाही. कढीपत्त्याला उन्हाळ्यात-पावसाळ्यात जांभळी-काळी फळं लागली की बुलबुल, कोकीळ आणि तांबट यांची रीघ लागते. फोडणीसाठी झाड वारंवार खुडून त्याला फळंच येऊ दिली नाहीत तर हे होणार नाही. एक फांदी पक्ष्यांसाठी राखावी. लिंबाला काटे असतात, त्यामुळे त्यात बांधलेलं घरटं मांजराच्या आणि बऱ्याच अंशी कावळ्याच्याही हाती लागत नाही. करवंदाची जाळीही तशीच. बोगनवेलीची फुलं पक्ष्यांच्या फारशा उपयोगाची नाहीत, पण तिची काटेरी दाटी घरट्यासाठी कामाची असते, म्हणून असलेली वेल तोडू नका.

जागा मोठी असेल तर एक उंबर लावा. उंबर वर्षातून अनेकदा फळतो आणि त्याचं फळ खोडालाच लगडत असल्यामुळे खिडकीतून सहज दिसतं. तांबट, हळद्या, साळुंक्या आणि नशीब असेल तर राखी धनेशही येतो. पुण्यासारख्या शहरात जुन्या वड-पिंपळांमुळेच धनेश टिकून आहेत. तुती मात्र कोणत्याही लहान बागेत मावते, दोन-तीन वर्षांत फळते आणि फळ पिकायच्या आधीच पक्ष्यांना तिचा पत्ता लागलेला असतो.

मध पिणाऱ्या शिंजीरासाठी लाल-केशरी, नळीच्या आकाराची, वास नसलेली फुलं लागतात. हा पक्षी अमेरिकेतल्या हमिंगबर्डसारखा सतत हवेत तरंगत नाही, बहुधा फांदीला धरून बसतो आणि वाकून चोच घालतो. त्यामुळे फुलाशेजारी पाय टेकायला काडी हवी. आपल्या डोंगरातली धायटी, मुरुडशेंग आणि अडुळसा ही झुडपं बागेत छान वाढतात. मोठ्या आवारात पांगारा, पळस, काटेसावर. जास्वंदीचं फूल लांबट असेल तर शिंजीर समोरून न जाता देठापाशी भोक पाडून मध चोरतो. परागकण त्याच्या अंगाला लागत नाहीत, फुलाचा तोटा होतो, तरी बघायला मजा वाटते. साखरेच्या पाण्याच्या बाटल्या टांगण्याची पद्धत अलीकडे आपल्याकडेही आली आहे. त्याची गरज नाही. आपल्या उन्हात असं पाणी काही तासांत आंबतं, त्यात बुरशी धरते. एक धायटी लावणं अधिक चांगलं. घाणेरी मात्र फुलं आणि फळं दोन्ही देत असली तरी लावू नका. तिच्या बिया बुलबुलांच्या पोटातून डोंगरांत जातात आणि तिथलं रान गिळतात.

आंब्यावरचं बांडगूळ हा असाच एक वादाचा विषय. ते झाडाचा रस शोषतं, म्हणून बागायतदार ते कापतात, आणि बागायतीत ते योग्यच आहे. पण घरच्या जुन्या झाडावर एखादं लहानसं बांडगूळ असेल तर महिनाभर त्याच्याकडे पाहत राहा. फुलटोचा नावाचा, अंगठ्याएवढा मातकट पक्षी केवळ त्याच्यासाठी येतो. त्याची चिकट फळं तो गिळतो, बी थोड्याच वेळात पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं, आणि ते चिकट असल्याने पक्ष्याला ते फांदीवर घासून पुसावं लागतं. बांडगुळाला नेमकं तेच हवं असतं. जमिनीवर पडलेलं बी वाया जातं, फांदीला चिकटलेलं रुजतं.

जमिनीवरचा पालापाचोळा जाळू नका, झुडपांच्या बुडाशी पसरून ठेवा. सातभाईंचा थवा रोज एकदा तिथे येऊन एकेक पान उलटून पाहतो, हिवाळ्यात कस्तुरही येतो. औषध फवारणी पूर्ण बंद करा. फवारलेल्या अळ्या काही मेलेल्या, काही अर्धमेल्या असतात आणि पिल्लांच्या पोटात त्याच जातात. बागेचा एक कोपरा कापायचा नाही असं ठरवून तिथल्या गवताला तुरे येऊ द्या. ठिपकेवाल्या मुनिया गवताचं बी खातात आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात गवताच्या लांब पात्यांनीच गोलसर घरटं बांधतात. चोचीत स्वतःपेक्षा तिप्पट लांब पातं घेऊन उडणारी मुनिया दिसली, की न कापलेल्या कोपऱ्याबद्दल घरच्यांची तक्रार मिटते.

दाणे द्यायचेच असतील तर थोडे द्या, सकाळच्या वेळी, आणि संपले की दिवसभर पुन्हा घालू नका. बाजरी, राळा आणि तांदळाची कणी चिमण्या-मुनियांना चालते. पाव, फरसाण, मीठ घातलेला भात देऊ नये. पारवे टाळायचे असतील तर भांड्याभोवती अशी जाळी लावा की तिच्यातून चिमणी आत जाईल, पारवा जाणार नाही. खाली सांडलेलं रोज झाडून घ्या, नाहीतर रात्री उंदीर येतात.

आता घरट्यांकडे वळू, कारण बाग खरोखर जमली की नाही याची परीक्षा तिथे होते. पाणी प्यायला पक्षी कुठेही येतो, पण घरटं तो विश्वास बसल्यावरच बांधतो.

शिंपी पक्षी रुंद पानं निवडतो. एकच मोठं पान वळवून किंवा दोन-तीन पानं जवळ आणून त्यांच्या कडांना चोचीने भोकं पाडतो, त्यांतून कापसाचा किंवा कोळिष्टकाचा धागा ओवतो आणि धाग्याचं बाहेर आलेलं टोक फुगून, पिंजून तिथेच अडकतं. गाठ मारावी लागत नाही. पान झाडावर जिवंतच राहतं, हिरवं राहतं, म्हणून घरटं दिसत नाही. आत कापूस, म्हातारीचे केस, मऊ तंतू घालून तीन-चार अंडी. तुमच्या कुंडीतल्या झाडाची दोन पानं चिकटल्यासारखी दिसली तर रोग समजून तोडण्याआधी वाकून पाहा.

शिंजीराची मादी घरटं एकटी बांधते. नर जवळपास गात असतो. कोळ्याच्या जाळ्याने गवत आणि सालीचे तुकडे चिकटवत ती एक लोंबती पिशवी तयार करते. बाजूला दार, दारावर पुढे आलेली पडवी, खाली लोंबणारं चिपाड, अळ्यांची विष्ठा, वाळकी पानं. लांबून पाहिलं तर कचरा लटकतोय असंच वाटावं. जमिनीपासून चार-पाच फुटांवर, अनेकदा अगदी व्हरांड्यातल्या तारेवर किंवा टांगलेल्या कुंडीच्या दोरीवर ती बांधते, कारण माणसांचा वावर असलेल्या जागी कावळा कमी येतो. अंडी दोन किंवा तीन. ती मादीच उबवते, पिल्लांना मात्र नरही भरवतो. कोळिष्टकं हा या दोन्ही घरट्यांचा मुख्य माल आहे. व्हरांड्याचे सगळे कोपरे झाडू नका, एखादं जाळं राहू द्या.

बुलबुल झुडपात उघडी वाटी बांधतो, होला चार काड्या आडव्या टाकून भागवतो. तांबट वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला गोल भोक पोखरतो, म्हणजे पावसाचं पाणी आत जात नाही. शेवगा आणि पांगारा यांचं लाकूड मऊ, म्हणून ती झाडं त्याला सोयीची. त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे दयाळ किंवा चिमणी राहते, कारण त्यांना स्वतः लाकूड पोखरता येत नाही. बागेतली प्रत्येक वाळकी फांदी तोडण्याचा आपला सोस या दोन-तीन पक्ष्यांचं घर काढून घेतो. कोणाच्या डोक्यावर पडण्याचा धोका नसेल तर ती राहू द्यावी.

घरट्यासाठी पेटी लावायची ती अशा ढोलीत राहणाऱ्यांसाठीच. बुलबुल, शिंपी, शिंजीर पेटीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. चिमणीसाठी भोक सव्वातीन सेंटीमीटरचं, म्हणजे साळुंकी आत शिरत नाही. दयाळाला त्याहून मोठं लागतं. भोकाखाली बसायची दांडी लावू नका, चिमणीला ती लागत नाही आणि अंडी चोरणाऱ्याला मात्र पाय टेकायला जागा मिळते. लाकूड जाड हवं, पत्रा किंवा पातळ प्लॅस्टिक उन्हात तापून पिल्लं भाजतात. तळाला दोन बारीक भोकं, पाणी निथळायला. उंची दहा फुटांच्या आसपास. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो आणि दुपारचं ऊन पश्चिमेकडून, म्हणून पेटीचं तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांचा प्रश्न लावून धरला आणि 2010 पासून 20 मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळला जाऊ लागला. त्यानंतर पेट्या घरोघरी गेल्या हे चांगलं झालं, पण ज्या सोसायटीत अळ्याच नाहीत तिथे पेटी रिकामी राहते.

घरटं सापडलं की मोह आवरावा लागतो. रोज जवळ जाऊन पाहू नका, फोटोसाठी आडवी येणारी फांदी बाजूला बांधू नका. आपण जिथे वारंवार जातो तिथे काय आहे हे कावळा आणि भारद्वाज दोघंही पाहत असतात, आणि भारद्वाज दुसऱ्यांची अंडी-पिल्लं खातो. दहा-पंधरा फुटांवरून, खिडकीच्या आडून पाहिलं तर सगळं दिसतं. अंडी किंवा घरटी यांना हात लावणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत बसतं, हेही माहीत असावं. पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर आधी त्याची पिसं पाहा. अंगावर पिसं असतील, टुणटुण उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकत आहे. आईबाप जवळच आहेत. मांजर-कुत्रं आवरा आणि बाजूला व्हा. उघडं, बिनपिसाचं असेल तर उचलून घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूत खरी नाही.

पक्षी निरखण्यासाठी बागेत एक ठरलेली खुर्ची ठेवा आणि रोज त्याच जागी बसा. पक्षी माणसाला नाही, माणसाच्या हालचालीला घाबरतात. सूर्योदयानंतरचे दोन तास उत्तम. दुर्बीण घेणार असाल तर 8×40 किंवा 8×42 घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापट दुर्बीण हातात थरथरते आणि दिसणारा टापूही लहान होतो, त्यामुळे बागेत आठपटच बरी. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणायची सवय करा. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधायला गेलात तर तो उडून जातो.

ओळखायला घाई नको. चिमणी, साळुंकी आणि कावळा या तीन मापांशी ताडून आकार लिहा, चोच कशी, शेपटी वर की खाली, जमिनीवर की फांदीवर, एवढं टिपा. रंग सगळ्यांत शेवटी, कारण रंग फसवतात. जांभळा शिंजीर विणीचा हंगाम संपला की मादीसारखा फिकट होतो, गळ्यावरून खाली फक्त एक गडद पट्टा उरतो. गाणारा काळा कोकीळ नर असतो आणि ठिपक्यांची ती मादी. आवाज हळूहळू कळू लागतात. तांबटाचं एकसुरी टुक् टुक् भर दुपारीही चालतं, आणि तो ते चोच मिटूनच काढतो, फक्त गळा फुगत राहतो. अचानक खारी आणि बुलबुल एका सुरात कलकलाट करायला लागले की वर पाहा, बहुधा शिक्रा असतो, नाहीतर झुडपात साप किंवा मांजर. मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' जवळ असेल तर आपल्या भागातली नावं सापडतात. इंग्रजीत सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक 1941 पासून आजही वाचलं जातं. चितमपल्लींचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि सलीम अलींचा 12 नोव्हेंबर, म्हणून या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षीसप्ताह असतो. त्याच सुमारास हिवाळी पाहुणे आलेले असतात: शेपूट वर-खाली करणारी लाल कंठाची माशीमार, कुंपणात टक् टक् करणारे मातकट वटवटे, थरथरत्या शेपटीचा थिरथिरा. यांतले काही युरोप आणि सैबेरियातून येऊन चार-पाच महिने आपल्या मेंदीच्या कुंपणात काढतात.

नोंदी स्वतःपुरत्या ठेवू नका. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्या तर अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. दर फेब्रुवारीत चार दिवस घरच्या अंगणातल्या पक्ष्यांची गणना जगभर होते, भारत त्यात 2013 पासून आहे. एका जागी किमान 15 मिनिटं बसून दिसलेले पक्षी मोजायचे, एवढंच त्यात असतं. बारा वर्षांचं मूलही ते करू शकतं, आणि त्याने केलं तर फारच चांगलं.

गॅलरीच असलेल्यांनीही मन खट्टू करू नये. एक परळ, एक मोठ्या कुंडीतला कढीपत्ता, एक जास्वंद आणि दोन दिवस न झाडलेलं जाळं एवढ्यावर तिसऱ्या मजल्यावर शिंजीर येतो. मात्र काचेची काळजी घ्या. मोठ्या काचेत आकाश आणि झाड दिसतं आणि पक्षी वेगाने येऊन आपटतो. बाहेरच्या बाजूने चार बोटांच्या अंतरावर ठिपके किंवा पट्ट्या चिकटवल्या तर हे टळतं. एकच मोठं गरुडाचं चित्र चिकटवून काही होत नाही. संक्रांतीनंतर बागेतल्या झाडांमध्ये अडकलेला मांजा काठीने काढून टाका, नायलॉनचा तर नक्कीच. पुढचे कितीतरी महिने त्यात पंख अडकत राहतात.

आणि शेवटची एक विनंती. आपल्याकडे कुंपणं आणि झाडं छाटायचा हंगाम बहुतेक ठिकाणी मे-जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर असतो. शिंजीर, बुलबुल, शिंपी, राखी वटवट्या यांची वीण उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत चालते, म्हणजे नेमक्या त्याच वेळी कुंपणात अंडी-पिल्लं असतात. रस्त्यावर आलेली, धोक्याची फांदी तेवढी काढा. बाकीची छाटणी दिवाळीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरात करा, आणि सोसायटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय तुम्हीच मांडा.